कोळशाचा धागा आणि एकचाकी

आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना हसू येईल. एकचाकी सायकल, तीही कार्बन फायबरची, आणि तीही घरी बनवलेली! एकचाकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सर्कशीचा तंबू उभा राहतो, आणि कार्बन फायबर म्हटले की परदेशातील प्रचंड कारखाना. या दोन टोकांच्या मध्ये आपल्या पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या अंगणाला काही स्थान असेल, असे कोणाच्या मनात येत नाही. परंतु हलक्या चाकाचा इतिहास बारकाईने पाहिला, तर त्यात अंगण, पडवी आणि छोटी दुकाने वारंवार भेटतात. तो इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

इ. स. १८१७ मध्ये जर्मनीतील मॅनहाइम शहरात कार्ल ड्रैस याने लाकडी दुचाकी रस्त्यावर आणली. तिला पायडल नव्हते. स्वाराने पायांनी जमीन मागे रेटावयाची. पुढे १८७० च्या सुमारास उंच चाकाची सायकल आली. पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच, तर मागचे अगदी लहान. वेग एकाएकी कमी केला की मागचे चाक उचलले जाई आणि स्वार क्षणभर एकाच चाकावर तोलला जाई. एकचाकीची कल्पना त्या क्षणातून निघाली, असे मानतात. १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ले याने दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल बाजारात आणली. हवा भरलेले टायर मात्र कोणा कारखानदाराने शोधले नाही. बेलफास्ट येथील जॉन डनलॉप हा जनावरांचा डॉक्टर. मुलाच्या तिचाकीला धक्के बसू नयेत म्हणून त्याने घरीच रबरी नळी चाकाला गुंडाळली, आणि १८८८ मध्ये तिचे पेटंट घेतले.

त्याच १८८८ साली आपल्या शेजारी काय घडत होते? डिचोली तालुक्यातील साखळीहून चोर्ला घाट चढून गेले की बेळगाव लागते. तेथे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान सुरू केले. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. सायकली विकता विकता आणि दुरुस्त करता करता यंत्राशी त्यांची ओळख वाढली. १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीने शेतकरी प्रथम त्याला हात लावीनात. तरीही ते हटले नाहीत, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. मराठी मुलखातील एका मोठ्या उद्योगाचा उगम असा सायकलच्या दुकानात आहे.

आता कोळशाच्या धाग्याकडे वळू. कार्बन फायबर म्हणजे केसाहून बारीक असा शुद्ध कोळशाचा तंतू. तो आजकालचा वाटतो, पण त्याची पहिली पिढी आपल्या ओळखीच्या वनस्पतीतून जन्मली. १८८० मध्ये थॉमस एडिसनने विजेच्या दिव्यासाठी बांबूची बारीक कांब जाळून तिचा कोळसा केला. जपानमधील क्योतोजवळच्या बांबूपासून केलेली ही तार हजार तासांहून अधिक काळ प्रकाश देत असे. पुढे टंगस्टनची तार आली आणि कोळशाचा धागा विस्मृतीत गेला. १९५८ मध्ये अमेरिकेत रॉजर बेकन याला प्रयोगशाळेत विलक्षण बळकट कर्बतंतू आढळले. १९६१ मध्ये ओसाका येथील अकिओ शिंदो याने दाखवून दिले की, ज्या कृत्रिम सुतापासून स्वेटर विणतात त्या अ‍ॅक्रिलिकच्या जातीच्या धाग्यापासूनही हा तंतू करता येतो. धागा ताणून प्रथम हवेत तापवावयाचा, मग प्राणवायू वगळून हजार अंशांहून अधिक उष्णता द्यावयाची. इंग्लंडातील फार्नबरोच्या संशोधकांनी ही कृती पुढे नेली. राळेत बसवलेला हा तंतू वजनाला पोलादाच्या सुमारे एक-पंचमांश भरतो आणि ताण सोसण्यात त्याला मागे टाकतो.

मात्र हा धागा एका बाबतीत हट्टी आहे. त्याचे सारे बळ त्याच्या लांबीच्या दिशेत असते. आडवा मारा बसला, तर तो वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतो. रोल्स-रॉइस या विख्यात कंपनीने विमानाच्या इंजिनाची पाती या द्रव्याची केली. १९७० मध्ये त्या पात्यांवर पक्षी आदळवून चाचणी घेतली, तेव्हा ती टिकली नाहीत. टायटॅनियमची पाती करावी लागली, खर्च वाढत गेला, आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. दिवाळ्याची कारणे अनेक होती, पण धड्याची किंमत भारी पडली. द्रव्य उत्तम असून भागत नाही, ते कोणत्या दिशेने घालावयाचे हे कळले पाहिजे.

आणि हे शास्त्र, श्रोतेहो, आपल्या खेड्यांतील बुरूडकाम करणाऱ्यांना नवे नाही. बांबू हा निसर्गानेच केलेला तंतूंचा आणि राळेसारख्या द्रव्याचा मेळ आहे. सूप विणणारा कारागीर कामट्या उभ्या चिरतो, आडव्या कधी नाही. जेथे भार येणार तेथे दुहेरी वीण घालतो, आणि काठ वळताना धागा तुटू नये म्हणून वळण मोठे ठेवतो. कार्बन फायबरचे कापड पसरणारा तंत्रज्ञ नेमके हेच नियम पाळतो.

मोठ्या कंपनीला जे अवघड गेले, ते छोट्या खोलीत साधल्याची उदाहरणे आहेत. इंग्लंडातील नॉर्विच येथे माइक बरोज नावाच्या गृहस्थाने १९८० च्या दशकात आपल्या कार्यशाळेत अखंड कर्बतंतूची सायकल घडवली. नळ्या जोडण्याऐवजी सारा सांगाडा एकाच कवचाचा. प्रारंभी सायकल-कारखानदारांनी तिच्याकडे पाठ फिरवली, आणि अशा सायकलींवर शर्यतीत बंदीही होती. ती १९९० मध्ये उठली. मग लोटस या मोटार-कंपनीने ती रचना उचलली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये ख्रिस बोर्डमन याने त्या सायकलीवर ४,००० मीटर पाठलागाच्या शर्यतीचे सुवर्णपदक जिंकले. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या ग्रेम ओब्रीने स्वतः बनवलेल्या सायकलीवर एका तासात ५१.५९६ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला. तिच्यात कपडे धुण्याच्या यंत्राचे बेअरिंग बसवले होते.

आता घरी एकचाकी करावयाची, तर काय लागते? एकचाकीला साखळी नाही, ब्रेक बहुधा नाही. चाक, दोन क्रँक, पायडले, चिमटा आणि बैठक, एवढाच संसार. तोल राखण्यासाठी स्वार चाकाला सतत थोडी गती देतो आणि थोडी काढून घेतो, म्हणून प्रत्येक तोळ्याचा हिशेब पायांना कळतो. शहाणा कारागीर कर्बतंतूचा उपयोग प्रथम बैठकीच्या तळाला आणि चिमट्याला करतो. टायरचा दाब सोसणारी रिम बाजारची धातूचीच ठेवतो. चिमट्यासाठी फोमचा गाभा कापून त्यावर राळेने भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या चढवाव्या लागतात. वाकणे सोसण्यासाठी काही पट्ट्या उभ्या, पीळ सोसण्यासाठी काही पंचेचाळीस अंशांत तिरप्या. वरून फीत घट्ट गुंडाळली म्हणजे जास्तीची राळ पिळून निघते. अ‍ॅल्युमिनियम जेथे कर्बतंतूला भिडते तेथे मध्ये काचतंतूचा थर हवा, नाहीतर आपल्या खाऱ्या, दमट हवेत धातू झपाट्याने खातो. हे काम आषाढात काढू नये. दमट हवेत राळेच्या पृष्ठभागावर चिकट, पांढुरकी साय धरते. घासताना उडणारी धूळ नाकात जाऊ नये म्हणून मुखपट्टी बांधावी. आणि पहिली स्वारी करण्यापूर्वी चिमट्यावर स्वाराच्या दुप्पट-तिप्पट वजन टांगून पाहावे.

हे सारे गोव्यात होईल काय, असे कोणी विचारील. डिचोली तालुक्यातील नार्वे येथून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की दिवाडी बेट लागते. रत्नाकर दांडेकर यांच्या तेथील लहानशा जहाजवाडीत नौदलासाठी ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली गेली. लाकडाचा गाभा आणि त्यावर राळेत भिजलेल्या काचतंतूंचे कवच, म्हणजे वर सांगितलेलीच कृती. ऑगस्ट २००९ मध्ये दिलीप दोंदे त्या नौकेतून एकटे मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. शिडाच्या नौकेने एकट्याने असा प्रवास करणारे ते पहिले भारतीय. बार्देशातील पिळर्ण येथे किनेको या उद्योगसमूहाचे कारागीर अशाच तंतुमिश्र द्रव्यापासून रेल्वेच्या डब्यांचे आणि विमानांचे भाग घडवतात. जानेवारी २०२३ पासून पेडण्याच्या मोपा पठारावर प्रवासी विमाने उतरू लागली; त्यांतील एअरबस ए-३२० जातीच्या विमानांची शेपटी कर्बतंतूचीच असते.

म्हणजे धागा आपल्या डोक्यावरून उडतो आहे आणि आपल्या नदीतून तरलाही आहे. प्रश्न आहे तो हातांचा. वर्गात ‘तुझे वडील काय करतात?’ असे विचारले आणि वडील बुरूडकाम करणारे असले, तर मुलाचा आवाज खाली जातो, हे कोणाही शिक्षकाने पाहिलेले आहे. प्लास्टिकच्या टोपल्यांनी त्या घराची कमाई घटवली. त्या खाली गेलेल्या आवाजाला मात्र आपण सारे जबाबदार आहोत. हातकाम हलके आणि कारकुनी थोर, हे आपणच त्याला शिकवले. आम्हा कॅथलिकांच्या पंचांगात १ मे हा कामकरी संत जोसेफ याचा दिवस. पोप बारावे पायस यांनी तो १९५५ मध्ये नेमून दिला. ज्या घरात प्रभू येशू वाढला ते सुताराचे घर होते, हे त्या दिवशी आम्ही सांगतो. मग वर्षाचे उरलेले दिवस कारागिराच्या मुलाला मान खाली घालावयास का लावावे?

शाळेने एक एकचाकी बनवून जगाचा विक्रम मोडावा, अशी अपेक्षा नाही. पण चिमट्याच्या पट्ट्या कोणत्या दिशेने घालावयाच्या हे ठरवताना गुरुजींनी त्या मुलाच्या वडिलांना शाळेत बोलवावे, खुर्ची द्यावी आणि सर्व मुलांसमोर त्यांचा सल्ला घ्यावा. एकचाकी चालेल अथवा पडेल. त्या मुलाचा आवाज मात्र पुन्हा खाली जाणार नाही.