कुत्र्यांची देहभाषा (परस्परभेटीतील)

कुत्र्यांची देहभाषा (परस्परभेटीतील) : दोन कुत्री एकमेकांच्या दृष्टिपथात आली असता शेपूट, कान, डोळे, मुख, पाठीवरील केस, शरीराचा तोल आणि चालण्याची दिशा यांच्या योगे आपला हेतू, मनःस्थिती व हवे असलेले अंतर ज्या संकेतांनी परस्परांस कळवितात, त्या संकेतसमूहास ही संज्ञा आहे. ध्वनी आणि गंध ही या व्यवहाराची आणखी दोन साधने होत. परंतु पाळीव कुत्र्यास पट्टा बांधून रस्त्यावर फिरावयास नेणाऱ्या माणसास गंधाचा मजकूर मुळीच उमगत नाही आणि गुरगुर कानी पडेपर्यंत प्रकरण बहुधा पुढे गेलेले असते, म्हणून डोळ्यांना दिसणारे संकेत हाच त्याचा खरा आधार ठरतो. या संकेतांपैकी बहुतेकांचे प्रयोजन कलह माजविणे हे नसून तो टाळणे हे असते, आणि त्यासाठी कुत्रा जे पहिले साधन योजतो ते म्हणजे अंतर. ते कमी करावे, वाढवावे की तसेच राखावे, या प्रश्नाभोवतीच भेटीचा सारा व्यवहार फिरतो.

अभ्यासाचा इतिहास : या विषयाची शास्त्रीय मांडणी चार्ल्स डार्विन याने मनुष्य व प्राणी यांच्या भावाविष्कारांवरील १८७२ च्या ग्रंथात प्रथम केली. आक्रमणाच्या तयारीतील कुत्रा ताठ उभा राहतो, शेपूट उंच धरतो, मानेवरील केस उभारतो व नजर रोखतो. तोच कुत्रा प्रेमविवश होताच शरीर लववितो, कान मागे घेतो आणि अंग वळवीत जवळ येतो. परस्परविरुद्ध भावना परस्परविरुद्ध अंगस्थितींनी व्यक्त होतात, हे विरोधाचे तत्त्व डार्विनने याच उदाहरणावरून स्पष्ट केले. पुढे रूडोल्फ शेंकेल याने बाझेल येथील प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांच्या मुद्रांचा तपशीलवार अभ्यास १९४७ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९६७ मध्ये शरणागतीचे सक्रिय व निष्क्रिय असे दोन प्रकार वेगळे केले : शरीर झुकवून, शेपूट खाली हलवीत, दुसऱ्याच्या मुखाशी जिव्हा नेणे हा पहिला, आणि उताणे पडून पोट उघडे करणे हा दुसरा.

शेंकेलने पाहिलेले लांडगे बंदिवासात एकत्र ठेवलेले होते. त्यांच्यावरून कळपात वर्चस्वासाठी अखंड झगडा चालतो, अशी समजूत रूढ झाली आणि ती पाळीव कुत्र्यासही लागू करून त्याला दाबात ठेवण्याच्या कठोर पद्धतींचे समर्थन होऊ लागले. या समजुतीच्या प्रसारास ज्यांच्या १९७० च्या ग्रंथाचाही हातभार लागला होता, त्या डेव्हिड मेक यांनीच रानटी लांडग्यांच्या निरीक्षणानंतर १९९९ मध्ये असे दाखवून दिले की, मोकळ्या अरण्यातील कळप हे बहुधा मातापिता व त्यांची संतती यांचे कुटुंब असते. यामुळे रस्त्यावर भेटलेल्या दोन कुत्र्यांच्या प्रत्येक हालचालीत सत्तेची स्पर्धा पाहण्याची रीत मागे पडली, आणि भय, कुतूहल, क्रीडा व जागेचा ताबा या प्रेरणांकडे लक्ष वळले.

अवयवनिहाय संकेत : शेपूट हलणे म्हणजे मैत्री, हा सर्वांत रूढ आणि सर्वांत घातक गैरसमज होय. शेपटीच्या हालचालीने मनाचा उत्तेजितपणा तेवढा कळतो. त्याचे स्वरूप मात्र शेपटीची उंची, ताठरपणा आणि हालचालीचा विस्तार यांवरून ठरवावे लागते. पाठीच्या पातळीजवळ सैलपणे डोलणारी, कंबरेसह अंगाचा मागील भाग हलविणारी शेपूट सामान्यतः सद्भाव सुचविते. दांड्यासारखी उंच धरलेली, टोकाशी आखूड व जलद थरथरणारी शेपूट तणाव सुचविते. आणि मागील पायांत घातलेली शेपूट भयाची द्योतक असते. इटलीतील क्वारांता, सिनिस्काल्की व वालोर्तिगारा यांनी २००७ मध्ये असे नोंदविले की, मालक दिसला असता कुत्र्यांची शेपूट उजवीकडे अधिक झुकते आणि अनोळखी, वरचढ कुत्रा दिसला असता डावीकडे. २०१३ च्या पुढील प्रयोगात डावीकडे झुकणारी शेपूट पाहणाऱ्या कुत्र्यांच्या हृदयाचे ठोके वाढलेले आढळले. हा फरक इतका सूक्ष्म असतो की, रस्त्यावरील माणसाने त्यावर विसंबू नये. परंतु कुत्री परस्परांच्या देहाचे वाचन किती बारकाईने करतात, याची साक्ष त्यातून मिळते.

कानांचे वाचन त्यांच्या मुळापासून करावे, कारण लोंबत्या कानांच्या जातींत टोक काहीच सांगत नाही. टवकारून पुढे वळलेले कान एकाग्रता दाखवितात, मस्तकास चिकटलेले कान भय अथवा शरणभाव दाखवितात. डोळे अर्धवट मिटलेले, नजर इकडेतिकडे फिरणारी असेल तर चित्त शांत असते. न हलणारी, रोखलेली नजर हे आव्हान असते. आणि मान एकीकडे वळवूनही डोळे समोरच्यावर खिळले असता बुबुळाच्या कडेला जो पांढरा भाग दिसू लागतो, तो अस्वस्थतेचा निदर्शक होय. सैल उघडे तोंड एकाएकी मिटले गेले, तर तो क्षण ध्यानात घ्यावा. ओठ पुढे आकसून समोरचे दात विचकले जातात तेव्हा धमकी असते. ओठांचे कोपरे मागे ताणले जातात तेव्हा त्या धमकीच्या मुळाशी भय असते.

पाठीवरील केस उभे राहणे ही क्रिया स्वयंचलित मज्जासंस्थेच्या अधीन असल्यामुळे ती कुत्र्याच्या इच्छेने होत नाही. भीती, क्रोध अथवा खेळाचा आवेश यांपैकी कशानेही ती घडू शकते, म्हणून केवळ तिच्यावरून हेतूचा निवाडा करणे चुकीचे ठरते. या सर्वांहून गंभीर संकेत म्हणजे स्तब्धता. हालचाल करीत असलेला कुत्रा श्वास रोखल्यासारखा क्षणभर जागीच थिजला, तर पुढील कृती चावा ही असू शकते. आणि हा संकेत नीरव असल्यामुळे तोच बहुतेकांच्या नजरेतून निसटतो.

जांभई देणे, नाक चाटणे, मान वळविणे, एकाएकी जमीन हुंगू लागणे, अंग झटकणे या कृती अवेळी घडल्या असता त्या मनावरील ताणाच्या खुणा असतात. नॉर्वेतील प्रशिक्षिका ट्युरिड रूगोस यांनी त्यांना शांतवणारे संकेत असे नाव देऊन त्यांचा सर्वत्र परिचय करून दिला. यांतील प्रत्येक कृती समोरच्यास शांतविण्याच्या हेतूनेच केली जाते काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ती करणारा कुत्रा निश्चिंत नाही, एवढा अर्थ मात्र व्यवहारात पुरेसा उपयोगी पडतो.

भेटीचा क्रम : मोकळ्या मैदानावर दोन समंजस कुत्री भेटतात तेव्हा ती सरळ रेषेत चालून येत नाहीत. दुरून दिसताच दोघांची गती मंदावते, मार्गास वळण पडते, नजर बाजूला वळते. जवळ आल्यावर तोंड, कानाची बाजू, बगल असे क्रमाने हुंगले जाते आणि अखेर परस्परांच्या शेपटीखाली नाक नेऊन वर्तुळाकार फेरी होते. गुदग्रंथींचा स्राव प्रत्येक कुत्र्याचा निराळा असल्यामुळे या हुंगण्यातून ओळख पटते. ते असभ्य समजून आपल्या कुत्र्यास मागे खेचणारा माणूस भेटीतील सर्वांत महत्त्वाचा भागच रद्द करतो. हे सारे थोड्या क्षणांत आटोपते आणि मग दोघे विलग होतात, अंग झटकतात अथवा खेळू लागतात.

खेळाचे निमंत्रण पुढील पाय जमिनीला टेकवून व मागील भाग उंच ठेवून दिले जाते. मार्क बेकॉफ यांनी १९९५ मध्ये दाखविले की, ही मुद्रा केवळ आरंभी येत नाही, तर ज्या चाव्याचा विपरीत अर्थ होण्याचा संभव असतो त्याच्या आगेमागेही येते, म्हणजे जे घडले ते खेळातले होते असा निर्वाळा तीतून मिळतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २००९ च्या अभ्यासानुसार कुत्री ही मुद्रा प्रायः सवंगड्याचे लक्ष आपल्याकडे असतानाच करतात. खऱ्या खेळात पाठलाग करणारा व पळणारा यांच्या भूमिका पालटतात, बलवान कुत्रा आपली शक्ती आवरतो आणि मधूनमधून विराम पडतो. एकच कुत्रा सतत खाली दाबला जात असेल, मालकाच्या पायांमागे दडू पाहत असेल, किंवा एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर हनुवटी अथवा पंजा ठेवला असता दोघेही ताठ झाले असतील, तर तेथे खेळ संपलेला आहे असे मानून दोघांस शांतपणे वेगळे करावे.

पट्ट्याचा परिणाम : वर वर्णिलेला क्रम मोकळ्या कुत्र्यांचा आहे. पट्टा बांधताच वळण घेण्याची, थांबण्याची आणि निघून जाण्याची मुभा नाहीशी होते. अरुंद पदपथावर दोन कुत्र्यांना तोंडासमोर तोंड करून एकमेकांवर चालून जावे लागते, आणि त्यांच्या संकेतसृष्टीत ही चाल आव्हानाची असते. त्यातच मालकाने धास्तावून पट्टा आवळला की कुत्र्याची छाती वर उचलली जाते, शरीराचा भार पुढे आल्यासारखा दिसतो, आणि मुळात भ्यालेला कुत्रा समोरच्यास आक्रमक भासू लागतो. घराबाहेर मोकळेपणी सौम्य वागणारी अनेक कुत्री पट्ट्यावर मात्र अंगावर धावून जातात; पळून जाण्याचा मार्ग बंद झाल्यामुळे दुसऱ्यास पिटाळून लावणे हा एकच मार्ग त्यांना उरलेला असतो, हे त्याचे एक प्रमुख कारण होय. दुसरे कारण याच्या उलट, म्हणजे भेटण्याची उत्कंठा अडविली गेल्याने आलेला त्रागा हे असते. दोन्ही प्रसंगी बाह्य रूप सारखेच दिसते, म्हणून अंतर वाढविल्यावर कुत्रा सैलावतो की अधिकच ओढतो, हे पाहून निदान करावे.

महाराष्ट्रातील नागरी परिस्थिती : मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत पट्ट्यावरील कुत्र्याची गाठ अनेकदा मोकळ्या, गटाने राहणाऱ्या गल्लीतील कुत्र्यांशी पडते. चहाची टपरी, मटणाचे दुकान, कचराकुंडी, सोसायटीचे फाटक अशा स्थळांभोवती त्यांची हद्द ठरलेली असते. परक्या कुत्र्याने ती ओलांडताच भुंकत सामोरे येणे, काही अंतर मागून चालणे आणि हद्द संपताच थांबणे, हा त्यांच्या बंदोबस्ताचा नेहमीचा परिपाठ होय. प्राणी जन्मनियंत्रणाच्या २००१ च्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या नियमांत निर्बीजीकरण व लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी परत सोडण्याची तरतूद आहे, आणि कानाला दिलेल्या खाचेवरून ती ओळखता येतात. एकाच जागी तीच कुत्री राहत असल्यामुळे कोणत्या वळणावर कोणाचा अंमल आहे, हे नित्य फिरणाऱ्यास शिकून घेता येते. हद्दीच्या अलीकडेच रस्ता ओलांडणे, न धावणे, न ओरडणे, दगड न उचलणे आणि पट्टा सैल ठेवून वळसा घालून निघून जाणे, ही तजवीज बहुधा पुरेशी होते.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या वर्तनास हे नियम लागू पडत नाहीत. तो पूर्वसूचनेवाचून चावू शकतो. लाळ गळत असलेला, दिशाहीन भटकणारा अथवा तोल जात असलेला कुत्रा दिसल्यास त्याच्या संकेतांचा विचार न करता दूर जावे, आणि चावा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन विनाविलंब रुग्णालय गाठावे.

जाती, शरीररचना व वय : मानवाने केलेल्या निवडपैदाशीमुळे अनेक जातींची देहभाषा खुंटली आहे. साउथहॅम्प्टन विद्यापीठातील गुडविन, ब्रॅडशॉ व विकन्स यांनी १९९७ मध्ये १० जातींची तुलना केली असता लांडग्यांच्या १५ दृश्य संकेतांपैकी सायबेरियन हस्कीत सर्व, तर कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये अवघे दोन आढळले. चपट्या नाकाच्या पगचा घोरता श्वास इतर कुत्र्यांना गुरगुर वाटू शकतो. पॉमेरेनियनची पाठीवर वळलेली शेपूट सदैव उंचच असते. डोळ्यांवर आलेले केस नजर झाकून टाकतात. याउलट कारवानी अथवा मुधोळ या दख्खनी शिकारी जातीची शेपूट स्वभावतःच खाली लोंबते, तीवरून भयाचा तर्क करू नये. प्रत्येक कुत्र्याची निवांत स्थिती आधी ओळखून मग तीपासून घडलेला फरक वाचावा, हाच येथे नियम.

स्कॉट व फुलर यांनी १९६५ च्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे जन्मानंतरच्या सुमारे ३ ते १२ आठवड्यांचा काळ समाजीकरणास निर्णायक असतो. या काळात आई व भावंडे यांपासून तुटलेले पिल्लू संकेत देण्यात व वाचण्यात पुढे उणे पडण्याचा संभव असतो. वृद्ध, अंध, बहिऱ्या वा सांधेदुखीने ग्रस्त कुत्र्यास अनोळखी भेटींची सक्ती करणे अन्यायाचे होय.

पालकाचे कर्तव्य : ‘आमचा काही करत नाही’ हे आश्वासन समोरच्या कुत्र्यास कळत नाही, म्हणून दुसऱ्या पालकाची अनुमती विचारल्याखेरीज भेट घडवू नये, घडविल्यास पट्टा सैल ठेवून तिरप्या मार्गाने जावे, काही क्षणांच्या हुंगण्यानंतर प्रेमाने हाक मारून आपल्या कुत्र्यास बाजूला घ्यावे आणि तो पुन्हा जाऊ इच्छितो काय हे पाहावे. गुरगुरल्याबद्दल शिक्षा कदापि करू नये. गुरगुर ही चाव्यापूर्वीची शेवटची स्पष्ट सूचना असते, आणि ती दडपली गेल्यास भीती तशीच राहून फक्त सूचना नाहीशी होते. प्रत्येक कुत्र्याने प्रत्येक कुत्र्यास भेटलेच पाहिजे, असाही काही दंडक नाही. परस्परांना दुरून पाहून शांतपणे आपापल्या वाटेने जाणे हीही यशस्वी भेटच होय. पट्टा हाती घेताना माणसाने आपल्या सोबत्याचा अंतर राखण्याचा अधिकार स्वतःकडे घेतलेला असतो. त्याचा देह जेव्हा जेव्हा ते अंतर मागेल तेव्हा ते त्याला मिळवून देणे, हे त्या अधिकाराबरोबर आलेले कर्तव्य आहे.