सिउतादेल्या

स्पेनच्या बॅलिॲरिक बेटांपैकी मिनॉर्का बेटावरील इतिहासप्रसिद्ध नगर, बेटाची जुनी राजधानी व बिशपचे धर्मपीठ. लोकसंख्या सुमारे ३०,००० (२०२१). हे बेटाच्या पश्चिम टोकास, जमिनीत सुमारे १ किमी. शिरलेल्या एका अरुंद खाडीच्या काठी वसले आहे. पूर्व टोकास असलेले माओन हे बेटाचे सध्याचे राजधानीचे शहर येथून सडकेने सुमारे ४५ किमी. वर असून पश्चिमेस सुमारे ४० किमी. रुंदीच्या सामुद्रधुनीपलीकडे मायॉर्का बेट आहे. कॅटलान भाषेतील ‘सिउतादेल्या’ या नावाचा अर्थ ‘लहान नगर’ असा होतो. स्पॅनिशमध्ये त्यास ‘स्यूदादेला’ म्हणतात. नगराचे आजचे रूप मुख्यत्वे दोन घटनांनी घडविले आहे : १५५८ मधील तुर्की आरमाराने केलेला विध्वंस व १७२२ मध्ये येथून हलविण्यात आलेली राजधानी. पहिल्या घटनेमुळे मध्ययुगीन नगर जवळजवळ नाहीसे झाले, तर दुसऱ्या घटनेमुळे त्यानंतर उभारलेले नगर बऱ्याच अंशी टिकून राहिले.

इतिहास : या परिसरात इतिहासपूर्व काळापासून वस्ती होती. नगराच्या पूर्वेस सुमारे ४ किमी. वर, माओनकडे जाणाऱ्या सडकेलगत, ‘नावेता देस तुदोन्स’ हे उलट्या नावेच्या आकाराचे दगडी सामुदायिक थडगे आहे. चुन्याचा वापर न करता रचलेली ही वास्तू सुमारे १४ मी. लांब असून तिच्या उत्खननात किमान शंभर व्यक्तींचे अवशेष सापडले. मिनॉर्कावरील अशा इतिहासपूर्व स्थळांचा समावेश २०२३ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत करण्यात आला. पुढे कार्थेजच्या प्रभावाखाली येथे यामो हे ठाणे नांदत होते. रोमन सेनानी क्विंटस सिसिलियस मेटेलस याने इ. स. पू. १२३ मध्ये ही बेटे जिंकली. यामो व मॅगो (माओन) या मिनॉर्कावरील दोन नगरांचा उल्लेख रोमन लेखक करतात. बेटाच्या दोन टोकांवरील या नगरांची स्पर्धा पुढे जवळजवळ दोन हजार वर्षे चालू राहिली.

येथील बिशप सेव्हेरस याचे इ. स. ४१८ मधील पत्र उपलब्ध आहे. माओनच्या ज्यू समाजातील ५४० व्यक्तींना ख्रिस्ती करण्यात आले व त्यांचे प्रार्थनामंदिर जळाले, असा वृत्तांत त्याने त्यात दिला आहे. नंतर व्हँडल व बायझंटिन सत्ता येऊन गेल्या. दहाव्या शतकाच्या आरंभी बॅलिॲरिक बेटे कॉर्दोव्हाच्या मुस्लिम राज्यात समाविष्ट झाली आणि हे नगर ‘मदिना मिनुर्का’ म्हणून बेटाचे शासनकेंद्र बनले. ॲरागॉनचा राजा पहिला जेम्स याने १२२९ मध्ये मायॉर्का घेतले. तेव्हा मिनॉर्काच्या मुस्लिमांनी १२३१ च्या तहान्वये वार्षिक खंडणी देऊन त्याचे मांडलिकत्व पत्करले. या व्यवस्थेखाली अबू उस्मान सईद इब्न हकम (कार. १२३४–८२) याने अर्धे शतक बेटाचा कारभार केला. तो विद्याव्यासंगी असून त्याच्या दरबारी कवी व पंडितांना आश्रय होता.

ॲरागॉनचा तिसरा आल्फॉन्सो याने जानेवारी १२८७ मध्ये बेट जिंकून घेतले. शरणागतीच्या करारानुसार मुस्लिम राज्यकर्त्यास आप्तेष्ट व अनुयायांसह बेट सोडण्याची मुभा मिळाली. इतरांना मात्र ठरावीक दंड भरून सुटका करून घ्यावी लागली. ज्यांना तो भरता आला नाही, ते गुलाम झाले. रिकाम्या झालेल्या जमिनींवर कॅटलोनिया व लगतच्या प्रदेशांतील ख्रिस्ती लोक वसविण्यात आले. बेटाची भाषा, धर्म व जमिनीची मालकी या तिन्ही बाबी अशा रीतीने अल्पावधीत पालटल्या. मुख्य मशिदीच्या जागी १३०० च्या सुमारास चर्चचे बांधकाम सुरू होऊन ते १३६२ मध्ये पुरे झाले.

तुर्की विध्वंस : सोळाव्या शतकात पश्चिम भूमध्य समुद्रावरील वर्चस्वासाठी स्पेन व ऑटोमन साम्राज्य यांच्यात संघर्ष चालू होता. फ्रान्सचा राजा हा या संघर्षात ऑटोमन सुलतानाचा मित्र होता. मिनॉर्का स्पेन, इटली व उत्तर आफ्रिका यांमधील सागरी मार्गांवर असल्याने त्यास या युद्धाची झळ वारंवार लागली. हैरुद्दीन बार्बारोसा याने १५३५ मध्ये माओन लुटले. त्यानंतर माओनच्या बंदराच्या मुखाशी सान फेलीपचा भक्कम किल्ला उभारण्यास प्रारंभ झाला. सिउतादेल्याची मध्ययुगीन तटबंदी मात्र तोफांच्या माऱ्यापुढे टिकण्याजोगी नव्हती.

जुलै १५५८ च्या आरंभी पियाले पाशाच्या नेतृत्वाखालील ऑटोमन आरमाराने नगराला वेढा घातला. आरमारात सुमारे १४० जहाजे व १५,००० माणसे होती, असे सांगितले जाते. हंगामी राज्यपाल बार्तोमेउ आर्गिम्बाउ व सैन्याधिकारी मिगेल नेग्रेते यांच्या हाताशी थोडे शिपाई व शस्त्रे चालविता येतील असे नागरिक, एवढेच बळ होते. तोफांनी तटाला खिंडारे पाडली आणि ९ जुलै रोजी नगर पडले. घरे, चर्च व सरकारी दप्तरे जाळण्यात आली. नगरातील व आसपासच्या भागातील तीन हजारांहून अधिक स्त्रीपुरुष व मुले यांना कैद करून कॉन्स्टँटिनोपलला नेण्यात आले. ३,४५२ हा आकडा सामान्यतः दिला जातो. कैद्यांत आर्गिम्बाउ व नेग्रेते हेही होते. त्याच वर्षी ७ ऑक्टोबर रोजी पेरे किन्ताना या लेखप्रमाणकाने खुद्द कॉन्स्टँटिनोपलमध्ये, बंदिवासात असतानाच, वेढ्याचा साक्षीपुराव्यानिशी वृत्तांत लिहून काढला. नगररक्षकांनी आपले कर्तव्य बजावले, हे स्पेनच्या राजापुढे सिद्ध करणे, हा त्यामागील उद्देश होता. हा दस्तऐवज ‘कॉन्स्टँटिनोपलचा लेख’ या नावाने ओळखला जातो.

दप्तरे जळाल्यामुळे १५५८ पूर्वीच्या काळाविषयीची नगराची लिखित साधने अत्यल्प उरली. कैद्यांपैकी काहींची पुढे खंडणी भरून सुटका झाली. बहुतेक परत आले नाहीत. हे वर्ष स्थानिक परंपरेत ‘दुर्दैवाचे वर्ष’ म्हणून स्मरले जाते आणि दरवर्षी ९ जुलै रोजी वरील लेखाचे जाहीर वाचन होते. दुसरीकडे, बेट जिंकल्याचा १७ जानेवारी हा दिवस मिनॉर्काचा उत्सवदिन म्हणून साजरा केला जातो. १२८७ व १५५८ या दोन्ही वर्षी येथील रहिवासी मोठ्या संख्येने गुलाम झाले. परंतु आजचे नागरिक १२८७ नंतर आलेल्या वसाहतकारांची परंपरा सांगणारे असल्याने एका घटनेचा उत्सव होतो व दुसरीचा शोक पाळला जातो. नगरातील स्मारकांकडे पाहताना ही पार्श्वभूमी ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

राजधानीचा ऱ्हास : सतराव्या शतकात नगर पुन्हा उभे राहिले. तटबंदी नव्या युद्धतंत्रानुसार बुरुजांनी बळकट करण्यात आली, तर मठ व चर्च नव्याने बांधण्यात आली. स्पॅनिश वारसायुद्धात इंग्रजांनी १७०८ मध्ये मिनॉर्का घेतले व १७१३ च्या उत्रेक्त तहाने त्यांचा ताबा कायम झाला. त्यांना सागरी तळ हवा होता. सिउतादेल्याची अरुंद खाडी युद्धनौकांच्या उपयोगाची नव्हती; याउलट माओनचे लांब व खोल बंदर भूमध्य समुद्रातील उत्कृष्ट नैसर्गिक बंदरांत गणले जाते. त्यामुळे रिचर्ड केन या प्रशासकाने १७२२ मध्ये राजधानी माओनला हलविली. दोन्ही नगरे जोडणारी सडकही त्यानेच बांधविली. जमीनदार सरदारघराणी व धर्मगुरू मात्र सिउतादेल्यातच राहिले. तेव्हापासून माओन हे व्यापाराचे व प्रशासनाचे, तर सिउतादेल्या हे सरदारांचे व धर्मसंस्थेचे नगर अशी विभागणी रूढ झाली. फ्रेंच (१७५६–६३), इंग्रज व स्पॅनिश यांच्या आळीपाळीच्या सत्तेनंतर १८०२ च्या आम्येंच्या तहाने बेट कायमचे स्पेनकडे गेले. तत्पूर्वी १७९५ मध्ये मिनॉर्काचे धर्मपीठ पुनरुज्जीवित होऊन येथील मुख्य चर्चला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला होता.

प्रेक्षणीय स्थळे : जुने नगर आकाराने लहान असून त्याचा पूर्वपश्चिम विस्तार पायी सहज पाहता येतो. खाडीच्या वरच्या बाजूस असलेला बोर्न हा चौक पूर्वी कवायतीचे मैदान होता. चौकाच्या मध्यभागी १५५८ च्या रक्षणकर्त्यांचे स्मारक म्हणून एकोणिसाव्या शतकात उभारलेला सुमारे २२ मी. उंचीचा स्तंभ आहे. त्यावरील लॅटिन लेख सिउतादेल्यात जन्मलेला इतिहासकार जोझेप मारिया क्वाद्रादो (१८१९–९६) याने रचला. चौकाच्या पश्चिमेस, मुस्लिम राज्यकर्त्याच्या वाड्याच्या जागी, नगरभवन असून समोर तोर्रे-साउरा, सालोर्त इ. सरदारघराण्यांचे वाडे आहेत. बाहेरून साधे व भारदस्त, आत प्रशस्त जिने व दालने, अशी त्यांची सामान्य रचना आहे. राजधानी गेल्यानंतरही जमिनीचे उत्पन्न येथेच खर्च होत राहिले, याची ही दृश्य साक्ष होय.

बोर्नपासून थोड्या अंतरावरील कॅथीड्रल एकाच रुंद दालनाचे असून त्याची शैली कॅटलान गॉथिक आहे. त्याच्या घंटाघराच्या खालच्या भागात पूर्वीच्या मशिदीच्या मनोऱ्याचे अवशेष सामावले आहेत. दक्षिणेकडील दरवाजा गॉथिक असून पश्चिमेचे दर्शनी प्रवेशद्वार १८१३ मधील नवअभिजात शैलीचे आहे. एका वास्तूत तीन कालखंड असे एकत्र आले आहेत. १५५८ मध्ये तिची मोठी हानी झाली आणि स्पॅनिश यादवी युद्धाच्या आरंभी, १९३६ मध्ये, अंतर्भागातील वेदी व इतर साहित्य पुन्हा नष्ट झाले. जवळच रोझेर चर्चचा कोरीव कामाने भरलेला बरोक दर्शनी भाग व साधू ऑगस्टीनच्या पंथीयांचा जुना मठ आहे. या मठात धर्मपीठाचे संग्रहालय आहे.

कॅथीड्रलच्या पूर्वेकडील ‘सेस व्होल्तेस’ हा रस्ता दोहो बाजूंच्या चुना दिलेल्या बुटक्या कमानींसाठी प्रसिद्ध आहे. ऊन व पाऊस यांपासून निवारा देणाऱ्या या कमानींखाली दुकाने आहेत. हा मार्ग पुढे माओन वेशीच्या जागी पोहोचतो. वेस व तट आता राहिलेले नाहीत. वाढत्या वस्तीला जागा मिळावी म्हणून १८६८ नंतरच्या काही वर्षांत तटबंदीचा बराचसा भाग पाडण्यात आला. तटाच्या जागी झालेला वर्तुळाकार रस्ता जुन्या नगराची सीमा आजही दाखवितो. तटबंदीपैकी ‘सा फोन्त’ हा सतराव्या शतकातील बुरूज टिकून असून त्यात नगराचे संग्रहालय आहे. खाडीच्या मुखाशी सान निकोलाउ हा त्याच शतकाच्या अखेरीचा अष्टकोनी टेहळणी किल्ला आहे. त्याच्याजवळ अमेरिकेच्या नौदलाचा पहिला ॲडमिरल डेव्हिड फॅरागट (१८०१–७०) याचे स्मारक आहे. फॅरागटचे वडील सिउतादेल्याचे होते व त्याने १८६७ मध्ये या नगराला भेट दिली होती.

नगरातील बहुतेक वास्तू ‘मारेस’ या मऊ, मधाच्या रंगाच्या वालुकाश्माच्या आहेत. तो करवतीने कापता येतो. परंतु खाऱ्या वाऱ्याने लवकर झिजतो. त्यामुळे त्यास चुन्याचा हात देण्याची प्रथा आहे. नगराच्या पूर्वेस असलेल्या सोस्ताल येथील खाणींतून या दगडाचे उत्पादन १९९४ पर्यंत होत असे. आता त्या प्रेक्षकांसाठी जतन करण्यात आल्या आहेत.

सण व लोकजीवन : २३ व २४ जून रोजी साजरा होणारा संत जॉनचा सण नगराच्या सामाजिक इतिहासाचा जिवंत अवशेष आहे. त्याचा उगम चौदाव्या शतकातील एका धार्मिक बंधुसंघात शोधला जातो. सरदार, धर्मगुरू, कारागीर व शेतकरी या जुन्या समाजातील वर्गांचे प्रतिनिधी काळ्या घोड्यांवर स्वार होऊन मिरवणुकीने निघतात. त्यांच्या अग्रभागी गाढवावर बसलेला बासरी व ढोल वाजविणारा वादक असतो. गर्दीत घोडे मागच्या पायांवर उभे केले जातात व लोक त्यांच्या छातीला हात लावून त्यांना आधार देतात. सणाच्या आधीच्या रविवारी मेंढीची कातडी पांघरलेला एक अनवाणी मनुष्य खांद्यावर कोकरू घेऊन घरोघरी निमंत्रण देत फिरतो. राजधानीबरोबर नवा व्यापारी वर्ग माओनकडे गेल्यामुळे जुनी वर्गरचना व तिच्याशी निगडित विधी येथे अधिक काळ टिकले.

एकोणिसाव्या शतकात पादत्राणांचा उद्योग येथे वाढला. त्याचा माल क्यूबात जाई. १८९८ मध्ये स्पेनने क्यूबा गमावल्यावर या उद्योगास मोठा धक्का बसला, तरी तो पूर्णपणे बंद पडला नाही. ‘आबार्का’ या साध्या चामडी चपला आजही प्रसिद्ध आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पर्यटन हा प्रमुख व्यवसाय झाला. मिनॉर्का हे १९९३ मध्ये यूनेस्कोने जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून घोषित केल्यामुळे किनाऱ्यावरील बांधकामास काही प्रमाणात आळा बसला.

येथील खाडीत ‘रिसागा’ नावाचा एक विशेष नैसर्गिक आविष्कार आढळतो. वातावरणाच्या दाबातील अचानक बदलांमुळे निर्माण झालेल्या लाटा अरुंद खाडीत शिरल्या, की काही मिनिटांत पाण्याची पातळी झपाट्याने उतरते व पुन्हा चढते. २१ जून १९८४ व १५ जून २००६ रोजी अशा आंदोलनांनी अनेक नौका बुडाल्या वा मोडल्या. त्यानंतर खाडीच्या मुखाबाहेर सोन ब्लांक येथे मोठ्या जहाजांसाठी नवीन बंदर बांधण्यात आले (२०११). जुनी खाडी मासेमारी व क्रीडानौकांच्या वापरात राहिली. ज्या अरुंदपणामुळे नगराने अठराव्या शतकात राजधानीचे स्थान गमावले, त्याच अरुंदपणामुळे युद्धनौका, गोद्या व कारखाने येथे आले नाहीत आणि जुने नगर बंदरासह बऱ्याच अंशी मूळ स्वरूपात शिल्लक राहिले.