पेटी, यंत्र आणि राग

आमच्या बुलढाणें जिल्ह्यांत, शेगांवापासून मेहकरापर्यंत, पहाटेच्या काकड्याला टाळमृदंगांबरोबर पेटीचा सूर ऐकूं येतो. ती परकी आहे, असें आतां कोणाच्या मनांतहि येत नाहीं. परंतु हीच पेटी १९४० सालीं नभोवाणीनें हद्दपार केली होती, आणि ती बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. पेटीचे सूर ठाम बांधलेले. श्रुतींचा सूक्ष्म भेद आणि मींड तिला साधत नाहीं, हा आक्षेप. तो खोटा नव्हता. पण लोकांनीं पेटी सोडली नाहीं.

ही हकीकत आठवण्याचें कारण चरणजितसिंग यांची एक ध्वनिमुद्रिका होय. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत वादक म्हणून वावरलेल्या या कलावंतानें १९८२ सालीं भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजविले. जवळ ना तबला, ना सारंगी; रोलँड या जपानी कंपनीचीं ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ हीं तीन विद्युद्यंत्रें मात्र होतीं. त्या वेळीं या मुद्रिकेची फारशी दखल कोणी घेतली नाहीं.

पुढें १९८७ सालीं शिकागोच्या तरुणांनीं याच टीबी-३०३ वर 'ॲसिड हाऊस' नांवाची नृत्यसंगीताची तऱ्हा रूढ केली. २०१० सालीं एका डच संग्राहकाच्या खटपटीनें जुनी मुद्रिका पुन्हां निघाली, आणि या तऱ्हेचा आद्य पुरुष मुंबईंत होता, अशी युरोपांत वाहवा झाली. चरणजितसिंग २०१५ सालीं निवर्तले.

ही वाहवा आम्हांस थोडी टोंचते. शिकागोच्या आधीं पांच वर्षें, एवढाच का या कृतीचा गुण? आमचा प्रश्न निराळा असावयास हवा: त्यांत ललत आहे कीं नाहीं? पेटीला जी मींड साधत नाहीं, ती या यंत्रांना साधते. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यांत मुळांतच आहे. उलट, ठेका एकाच गतीनें धांवतो. विलंबितांतून द्रुतांत शिरण्याचें सुख तेथें नाहीं. हा गुण आणि हा दोष सांगण्यास परदेशी प्रशस्तिपत्राची गरज नव्हती. आमचे कान पुरेसे होते. ते आम्हीं अठ्ठावीस वर्षें उघडलेच नाहींत.

पेटीच्या बाबतींत काकड्याचे भजनी आमच्याहून शहाणे ठरले. त्यांनीं आधीं ऐकलें, मग ठरविलें.