ऐच्छिक, पण कुणाच्या इच्छेनं?

अकरावीत ऐच्छिक विषय विद्यार्थी निवडतो. कॉम्प्युटरच्या नियमांतही 'ऐच्छिक' हा शब्द सारखा भेटतो, पण तिथं निवडणारा वेगळा असतो. सोय द्यायची की नाही, हे सॉफ्टवेअर बनवणारा ठरवतो. तुम्ही आत्ता फोनवर मराठी वाचताय, तिला इथवर यायला इतकी वर्षं का लागली, हे या एका शब्दावरून बरंचसं कळतं.

इंटरनेटचे नियम 'आरएफसी' नावाच्या क्रमांकित टिपणांत लिहिलेले असतात. मार्च १९९७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या स्कॉट ब्रॅडनर यांनी आरएफसी २११९ लिहिलं. नियम लिहिताना कोणत्या शब्दाचा काय अर्थ घ्यायचा, एवढंच त्यात आहे. 'मस्ट' म्हणजे केलंच पाहिजे. 'शुड' म्हणजे सबळ कारण नसेल तर करा. 'मे' किंवा 'ऑप्शनल' म्हणजे बनवणाऱ्याची मर्जी. फक्त एक अट आहे: ज्यानं सोय दिली नाही, त्याचंही सोय देणाऱ्याशी जमलं पाहिजे, मग काम थोडं कमी झालं तरी चालेल.

यात कुणाचा कावा नव्हता. तेव्हाची मशीन लहान, मेमरी महाग. सगळंच सक्तीचं केलं असतं तर नियम कुणी पाळलेच नसते. प्रश्न एवढाच की 'थोडं कमी' म्हणून जे गळलं, त्यात आपली अक्षरं होती.

१९८२ चा ईमेलचा नियम, आरएफसी ८२१, सात बिटांवर उभा होता. सात बिटांत १२८ खुणा बसतात आणि त्या इंग्रजीनंच भरल्या होत्या. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं आयएस १३१९४, म्हणजे 'इस्की', हे मानक काढलं. त्यात खालच्या १२८ जागा इंग्रजीला आणि वरच्या भारतीय लिप्यांना होत्या. म्हणजे आठवा बिट लागणार. ईमेलमध्ये आठवा बिट जसाच्या तसा नेण्याची सोय १९९० च्या दशकात आली, तीही ऐच्छिक जोड म्हणून. पुण्याच्या सी-डॅकचं 'जिस्ट' कार्ड बसवलं की पडद्यावर देवनागरी दिसायची, पण ते कार्ड वेगळं विकत घ्यावं लागे.

त्याच १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. देवनागरीला जगभर चालणारे क्रमांक मिळाले, पण क्रमांक मिळाला म्हणून अक्षर पडद्यावर दिसतंच असं नाही. २००१ च्या विंडोज एक्सपीत देवनागरी होती, पण इंग्रजी आवृत्तीत ती झोपलेली असायची. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या फायली बसवण्यासाठी एक चौकट होती. तिच्यावर आधीपासून टिक नसायची. टिक केली की मशीन विंडोजची सीडी मागायचं.

आमच्या वाटूरला, जालना जिल्ह्यात, अशी मशीन मी पाहिली आहेत. मराठी पान उघडलं की ओळीच्या ओळी रिकाम्या चौकोनांच्या. सीडी कुणाकडे नसायची. बघणाऱ्याला वाटायचं, मराठी कॉम्प्युटरवर चालतच नाही. ती आत होती, फक्त टिक राहिली होती, हे सांगणार कोण? २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून या फायली मुळातच बसवलेल्या येऊ लागल्या.

मधल्या काळात लोक थांबले नाहीत. 'श्रीलिपी'सारख्या फॉन्टांवर डीटीपीवाल्यांनी पत्रिका, पुस्तकं, अंक काढले. पण त्यात इंग्रजी वगैरे खुणांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. फॉन्ट नसला की मजकुराचा नुसता गिचमिडा. त्या फायलींतलं मराठी आजही सर्चमध्ये सापडत नाही. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावं लागतं. 'ऐच्छिक'ची ही खरी किंमत आहे. छापलेलं उरलं, पण शोधता येईल असं उरलं नाही.

फोनच्या बाबतीत मात्र २०१६ मध्ये सरकारनं सक्तीचा रस्ता धरला. आयएस १६३३३, भाग ३ या मानकानुसार भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर सर्व २२ राजभाषांतला मजकूर वाचता आला पाहिजे. साध्या बटणाच्या फोनवरसुद्धा. मराठी वाचणं 'ऑप्शनल'मधून 'मस्ट'मध्ये आलं.

लिहिण्याचा नियम मात्र नीट वाचा: इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एक भारतीय भाषा. ती एक मराठीच असेल असं नियम म्हणत नाही. ईमेलचंही तसंच. २०१४ मध्ये देवनागरी '.भारत' सुरू झालं, मराठीत पत्ता घेता येऊ लागला. मराठी पत्त्यावर मेल पाठवण्याचा नियम तर त्याआधीच, २०१२ मध्ये, आरएफसी ६५३१ म्हणून आला होता. तोही ऐच्छिक. समोरच्या सर्व्हरनं ती सोय घेतली नसेल तर मेल परत येतो.

तुमच्या स्मार्टफोनवर मराठी कीबोर्ड बहुधा आहेच. बाजार मोठा म्हणून कंपन्यांनी तो दिला. उद्या बाजाराचं मन बदललं तर दाद मागायला त्या नियमात मराठीचं नाव नाही. माझ्या मते पुढची मागणी तिथं करायला हवी: मराठी वाचता येणं सक्तीचं झालं, आता लिहिता येणंही व्हावं.