बॉस्टनची सांडपाणी सल्लागार समिती

अमेरिकेतील बॉस्टन परिसराच्या मलनिस्सारणाबाबत नागरिकांच्या वतीने स्वतंत्र सल्ला देणारी ही समिती आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८४ मध्ये कायद्याद्वारे स्थापन केलेल्या जलस्रोत प्राधिकरणाला ती सल्ला देते. अपुऱ्या प्रक्रियेच्या सांडपाण्यामुळे बॉस्टन बंदर प्रदूषित झाले होते. त्यावर उपाय म्हणून डिअर आयलंड येथे नवे शुद्धीकरण केंद्र उभारण्यात आले. प्रक्रिया केलेले पाणी सुमारे १५ किलोमीटर दूर समुद्रात सोडणारा बोगदा २००० मध्ये कार्यान्वित झाला. या खर्चाचा बहुतांश भार रहिवाशांच्या पाणी व मलनिस्सारण देयकांवर पडला. समितीत अभियंते, नियोजनकार, पर्यावरण कार्यकर्ते आणि अभ्यासक यांचा समावेश असतो. तिचा सल्ला बंधनकारक नसला, तरी देयक भरणाऱ्यांच्या शंका निर्णयापूर्वीच प्राधिकरणासमोर मांडण्याची संधी त्यातून मिळते.