म्हाताऱ्या कुत्र्याचं काय करायचं?

मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि त्यानंतर अर्धा तास आम्ही बोलत बसलो ते एका कुत्र्याबद्दल. आमच्या गटातल्या एका आजीचा काळ्या आता तेरा वर्षांचा झालाय. मोहाच्या दिवसांत पहाटे अंधारात फुलं वेचायला निघालो की हाच पुढे. झाडाखाली अस्वल असलं तर जागीच थांबून भुंकायचा, आणि आम्ही टोपल्या घेऊन मागे फिरायचो. आता त्याला दिसत नाही, मागचे पाय लटपटतात, अंगणातच ओलं करतो. आजीचा मुलगा म्हणाला, नदीपलीकडे सोडून येतो. आजी काही बोलली नाही, पण दोन दिवस धड जेवलीही नाही.

तेव्हा आम्ही ठरवलं की या वेळच्या रेडिओवर हाच विषय घ्यायचा. म्हाताऱ्या नाहीतर आजारी कुत्र्याचं माणसांनी आजवर केलं तरी काय?

गोष्ट फार जुनी निघाली. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथं 1914 साली दगडखाणीत एक पुरुष, एक बाई आणि कुत्र्याची हाडं एकत्र सापडली. सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीची. तेव्हा शेती नव्हती, गाय-बकरीही माणसाळलेली नव्हती. ते कुत्रं म्हणजे जेमतेम सात महिन्यांचं पिल्लू. त्याच्या दातांवरच्या खुणा पाहून अभ्यासकांनी सांगितलं की त्याला डिस्टेंपरसारखा जीवघेणा रोग झाला होता, तरी ते कित्येक आठवडे जगलं. असं पिल्लू शिकारीच्या काय कामाचं? पण कुणीतरी त्याला पाणी पाजलं, ऊब दिली, घाण काढली. कोणी, ते हाडं सांगत नाहीत. आपण अंदाज करू शकतो!

आपल्याकडे काश्मीरमध्ये बुर्झाहोमलाही माणसांबरोबर पुरलेली कुत्री सापडलीत. आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीडजवळच्या देवटेक गावात एक शिळा मिळाली. तिच्यावरचा जुना लेख अशोकाच्या काळचा मानतात. प्राणी पकडू नका, मारू नका, अशी आज्ञा त्यात आहे. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात तर माणसांसाठी आणि जनावरांसाठी, दोघांसाठीही औषधोपचाराची सोय केल्याचं लिहिलंय. सव्वादोन हजार वर्षं झाली त्याला. आमच्या काही पाड्यांवर जनावरांचा डॉक्टर अजून पोचायचाय, ते असो.

मुंबईत तर कुत्र्यांवरून दंगल झाली होती. 1832 च्या जून महिन्यात. मोकाट कुत्री मारायचा इंग्रज सरकारचा हुकूम होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळायचे. पैशाच्या लोभानं शिपाई लोकांच्या अंगणातली पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी लोकांमध्ये कुत्र्याला मोठा मान. मेलेल्या माणसावर कुत्र्याची नजर पडावी असा त्यांच्या अंत्यविधीतला जुना प्रघात आहे. ते चिडले, दुकानं बंद झाली, दुसऱ्या धर्माचे लोकही सामील झाले. दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि इतर व्यापाऱ्यांनी मुंबईचा पांजरपोळ उभा केला. पुढे परळला जनावरांचा दवाखाना झाला, त्याला नाव मिळालं बाई साकरबाई दिनशा पेटिट यांचं. बाईच्या नावाचा दवाखाना, म्हणून आम्हाला हे विशेष सांगावंसं वाटलं.

पण मग आपल्या गावात आजारी कुत्रं दिसलं की लोक काठी का उचलतात? भीतीपोटी. पिसाळलेला कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं, हे आपल्या आयांनी पाहिलंय. लुई पाश्चरनं 1885 मध्ये रेबीजची लस पहिल्यांदा माणसाला दिली, पण पोटातल्या त्या जुन्या लसीपासून आपली सुटका व्हायला 2004-05 साल उजाडलं. आता दंडावर घेतात. भीती खोटी नाही. कुत्रं चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. कुत्रं अचानक बदललं, लाळ गाळू लागलं, गिळता येईना, तर त्याच्या तोंडात हात घालायचा नाही. म्हातारपण मात्र हळूहळू येतं. दरवर्षी लस टोचलेला काळ्या म्हातारा झालाय, पिसाळलेला नाही.

शेजारच्या हेमलकशाची गोष्ट आपण सगळ्याच जाणतो. 1973 च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथं राहायला आले. शिकारीहून परतणाऱ्या माडियांकडे मेलेली माकडीण होती आणि तिला बिलगलेलं जिवंत पिल्लू. बदल्यात धान्य देऊन त्यांनी ते पिल्लू मागून घेतलं, आणि तिथून प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. त्या माडियांना नावं ठेवू नका. शिकार पोटासाठी होती, ती आपलीच माणसं. आम्हाला वाटतं ते वेगळंच. माणसाच्या हातचं खायला शिकलेल्या प्राण्याला पुन्हा जंगलात जगणं अवघड जातं. नदीपलीकडे सोडलेला आंधळा काळ्या तरी कसा जगला असता?

आम्ही दहा-दहा रुपये काढले. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद, म्हणून आधीच काळ्याला गाडीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांधे पाहिले, औषध दिलं. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका, कांदा-लसूण नको, मऊ भात आणि अंडं थोडं थोडं द्या, पाणी रोज त्याच जागी ठेवा, पोतं कोरडं ठेवा. एकाएकी फार पाणी पिऊ लागला तर परत आणा. दुखणं फारच वाढलं तर इंजेक्शन देऊन शांतपणे जाऊ देता येतं, हेही त्यांनी आजीला सांगितलं. आजी म्हणाली, अजून नाही.

परवा आम्ही तिच्याकडे गेलो. काळ्या ओसरीच्या कोपऱ्यात दुहेरी पोत्यावर पडला होता. पाण्याचं भांडं मुलानंच भरून ठेवलं होतं. काळ्यानं आमच्या पायांचा वास घेतला, दोनदा शेपूट हलवली आणि डोकं पुन्हा पोत्यावर टेकवलं.