घराची जागा व दिशाविचार, महाड-पोलादपूर भागातील

घरासाठी जमिनीची निवड, तिचा उतार, प्रवेशद्वाराची दिशा, चूल, देवघर व पाणी यांची स्थाने, उजेडाची सोय आणि मंगल वस्तूंची मांडणी यांसंबंधीच्या परंपरागत नियमांना भारतात वास्तुविद्या किंवा वास्तुशास्त्र व चीनमध्ये फेंगशुई म्हणतात. या नियमांत शुभाशुभाच्या कल्पना आणि वारा, ऊन, पाऊस व पाणी यांचे प्रत्यक्ष निरीक्षण या दोहोंची सरमिसळ झालेली असते. निरीक्षणाचा भाग ज्या प्रदेशात घडतो त्या प्रदेशापुरताच खरा असतो; शुभाशुभाचा भाग मात्र कोठेही नेता येतो. रायगड जिल्ह्यातील (१९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा) महाड व पोलादपूर या तालुक्यांच्या इतिहासात हा भेद विशेष स्पष्टपणे दिसतो.

भूप्रदेश : हे दोन्ही तालुके जिल्ह्याच्या आग्नेय भागात सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूरवरून महाडकडे वाहते व बाणकोटजवळ अरबी समुद्रास मिळते. महाडजवळ तिला गांधारी नदी मिळते. सावित्रीच्या खाडीतून भरतीच्या वेळी पूर्वी गलबते महाडपर्यंत येत. त्यामुळे घाटमाथा व किनारा यांमधील बाजारपेठ म्हणून महाडला महत्त्व होते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून येथे वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. मुसळधार पाऊस व मोठी भरती एकाच वेळी आल्यास नदीचे पाणी तुंबून महाड शहरात शिरते. सपाट जमीन थोडी असून ती भाताच्या खाचरांसाठी राखलेली असते. पुराची भीतीही याच जमिनीला अधिक. यामुळे बहुतेक वाड्या व कोंड डोंगराच्या उतारावर किंवा पायथ्याशी वसले. घराची जागा ठरविताना वरून येणारी दरड आणि खालून चढणारे पाणी या दोन संकटांच्या मधली जागा शोधणे, हा येथील मूळ प्रश्न होय.

शास्त्रग्रंथांतील विचार : भूमिपरीक्षेचे जुने नियम गृह्यसूत्रांत आढळतात. आश्वलायन गृह्यसूत्रात गुडघाभर खोल खड्डा खणून त्याच मातीने तो पुन्हा भरण्याची परीक्षा सांगितली आहे. माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर भरली तर मध्यम व कमी पडली तर त्याज्य मानावी, असा तिचा निष्कर्ष आहे. खड्ड्यात पाणी भरून रात्रभर ठेवण्याची दुसरी परीक्षाही तेथेच येते. पहिलीने मातीचा घट्टपणा व दुसरीने पाणी मुरण्याचे प्रमाण कळते. म्हणजेच या परीक्षा निरीक्षणावर आधारलेल्या आहेत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) वास्तुविद्येवर स्वतंत्र अध्याय असून त्यात ८१ पदांचे वास्तुमंडल व त्यावरील ४५ देवता यांचे वर्णन येते. भूमिगत पाण्याच्या शोधाविषयीचा दकार्गल हा अध्यायही याच ग्रंथात आहे. भोजाच्या नावावरील समरांगणसूत्रधार (अकरावे शतक), तसेच मयमत, मानसार इ. ग्रंथांत हा विचार विस्तारला. ईशान्येस देव व पाणी, आग्नेयेस अग्नी, नैर्ऋत्येस जड सामान ही त्यातील सर्वपरिचित विभागणी होय.

याच बृहत्संहितेत उत्तरेकडे उतरती जमीन ब्राह्मणास, पूर्वेकडे उतरती क्षत्रियास, दक्षिणेकडे उतरती वैश्यास व पश्चिमेकडे उतरती शूद्रास योग्य, असेही सांगितले आहे. पांढरी, तांबडी, पिवळी व काळी माती यांचीही अशीच वर्णवार वाटणी केलेली आहे. मातीची पारख व माणसांची प्रतवारी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी येथे एकाच शास्त्राच्या नावाखाली एकत्र आल्या.

प्राचीन व मध्ययुगीन वास्तू : या भागातील स्थाननिवडीची सर्वांत जुनी टिकून राहिलेली उदाहरणे म्हणजे महाडजवळची गांधारपाले व कोल येथील बौद्ध लेणी. गांधारपाले येथील सु. तीस लेणी इ. स. पहिल्या ते तिसऱ्या शतकांतील मानली जातात. ती अखंड कातळात, पुराच्या पातळीच्या बरीच वर कोरलेली असून त्यांच्याजवळ पाण्याची टाकी खोदलेली आहेत. व्यापारी मार्गाचे सान्निध्य, टणक खडक व हाताशी पाणी या तीन गोष्टी स्थान ठरविताना पाहिलेल्या दिसतात.

महाड तालुक्यातच असलेल्या रायगडाचे बांधकाम हिरोजी इंदुलकर यांच्या देखरेखीखाली झाले. जगदीश्वराच्या मंदिरातील शिलालेखात त्यांचे नाव व गडावरील वास्तूंचा उल्लेख असून त्यांत विहिरी, तळी, बागा व राजवाडे यांचा समावेश आहे. ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक जेथे झाला ती राजसभा २२० फूट लांब व १२४ फूट रुंद असून सिंहासनाची जागा पूर्वाभिमुख आहे. समोर नगारखान्याचे भव्य प्रवेशद्वार आहे. राजासनाची दिशा शास्त्राप्रमाणे असली, तरी तळी, दरवाजे, बाजारपेठ व तटबंदी यांची स्थाने गडाचा माथा, त्याचे उतार व पाणी साठण्याच्या जागा पाहून ठरविलेली आहेत. ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांत रायगडाचा अंतर्भाव आहे.

पारंपरिक घर : येथील जुन्या घरांच्या भिंती दगडमातीच्या किंवा विटांच्या असत, गरिबांच्या घरांना कारवीचे, शेणमातीने लिंपलेले कूड असत. छपरावर पेंढा किंवा नळीची कौले, व पुढील काळात मंगलोरी कौले आली. अंगण, ओटी किंवा पडवी, माजघर, स्वयंपाकघर, वर माळा, बाजूस गोठा आणि मागे परसू असा सर्वसाधारण क्रम असे. घर उंच जोत्यावर बांधीत. आढ्यापासून दोन्ही बाजूंस उतरणारी पाखी भिंतीच्या बरीच बाहेर काढीत. त्यामुळे पागोळ्यांचे पाणी मातीच्या भिंतीपासून दूर पडे. झडीच्या बाजूस पावसाळ्यापूर्वी झाप बांधून भिंत झाकीत. उतारावरच्या घरामागे चर खणून डोंगराचे पाणी दोन्ही बाजूंनी काढून देणे हे दरवर्षीचे काम असे. नैर्ऋत्येची बाजू जड व बंद ठेवावी, हा शास्त्रातील नियम येथील वादळी पावसाच्या दिशेशी जुळणारा असल्याने सहज पाळला जाई. दाराची दिशा मात्र पुष्कळदा उतार व पाखाडी यांवरून ठरे. पूर्वाभिमुख दार साधले नाही, तर निदान देवघर तरी पूर्व-पश्चिम ठेवीत.

जागा ठरविण्यापूर्वी ग्रामदेवतेस कौल लावण्याची चाल कोकणात होती. घर पूर्ण झाल्यावर वास्तुशांत करून वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरीत. घरातील प्रत्येक बोलण्यास वास्तुपुरुष ‘तथास्तु’ म्हणतो, म्हणून घरात अभद्र बोलू नये, अशी समजूत आजही आढळते.

उजेड व मंगल वस्तू : खाली उतरलेली पाखी व लहान खिडक्या यांमुळे माजघर अंधारे व थंड असे. छपरात मधूनच काचेचे कौल बसवून तेथे उजेड घेत. चुलीचा धूर माळ्यावरून कौलांतून बाहेर पडताना लाकूड कोरडे ठेवी व त्याला कीड लागू देत नसे. दिवेलागणीस देवापुढे समई किंवा निरांजन व तुळशीपुढे पणती लावीत. कोनाड्यात चिमणी ठेवीत. दिव्याची ज्योत दक्षिणेकडे करू नये व उत्तरेस डोके करून निजू नये, हे दंडक सर्वत्र पाळले जात. चौकटीवरील गणेशपट्टी, उंबरठ्यावरील रांगोळी, दसऱ्याचे आंब्याच्या पानांचे व झेंडूचे तोरण आणि नव्या भाताच्या लोंब्या या दाराच्या मंगल वस्तू होत. त्यांपैकी बहुतेक शेतातून किंवा परसातून येत व ऋतुमानाप्रमाणे बदलत.

वस्तीची रचना : घराच्या दिशाविचाराचे विस्तारित रूप म्हणजे गावाची मांडणी. गावठाणातील आळ्या जातवार असत व अस्पृश्य मानलेल्यांची वस्ती गावाबाहेर असे. पाणवठे हे या मांडणीचे सर्वांत कठोर अंग होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला व १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने आपल्या हद्दीतील चवदार तळे खुले केल्याचे ठरविले. परंतु प्रत्यक्षात ते बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सवर्णांनी तळ्याची ‘शुद्धी’ केली व प्रकरण न्यायालयात गेले. तळे बंद ठेवण्याची प्रथा अनादी असल्याचे सिद्ध झालेले नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये दिला. परंपरेने ठरविलेली जागांची व पाण्याची वाटणी निसर्गनियमाप्रमाणे अटळ नसते, हे या लढ्याने दाखवून दिले.

फेंगशुईचा प्रसार : ‘वारा’ व ‘पाणी’ अशा अर्थाच्या दोन चिनी शब्दांनी फेंगशुई ही संज्ञा बनली आहे. ग्वो पू (२७६–३२४) याच्या नावावर असलेल्या दफनविषयक ग्रंथात तिचे विवेचन येते. म्हणजे आरंभी कबरींची जागा निवडणे हाही तिचा महत्त्वाचा विषय होता. भूरूपांवर भर देणारा व होकायंत्रावर भर देणारा असे तिचे दोन प्रमुख संप्रदाय आहेत. उत्तरेस पाठीशी डोंगर, दोन्ही बाजूंस कमी उंचीच्या टेकड्या आणि समोर दक्षिणेस मोकळी जागा व पाणी ही तिच्या मते आदर्श जागा होय. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात उत्तरेकडून अतिथंड वारे वाहतात व दक्षिणेकडून ऊन मिळते. त्या हवामानात हा नियम अर्थपूर्ण आहे.

महाराष्ट्रात फेंगशुई १९९० नंतर मुख्यतः शहरांतून पसरली. याच काळात वास्तुशास्त्रालाही नव्याने मागणी आली. स्थाननिवडीचा मूळ भाग मागे पडून पवनघंटा, आरसे, बांबूची रोपे, लाल फितीत बांधलेली नाणी व हसऱ्या बुद्धाची मूर्ती या वस्तूच तिची ओळख ठरल्या. ही मूर्ती गौतम बुद्धाची नसून बूदाय या दहाव्या शतकातील चिनी भिक्षूची आहे. बांधून तयार असलेल्या सदनिकेची दिशा किंवा जागा बदलता येत नाही. तेथे वस्तू मांडणे एवढाच उपाय उरतो, हे या प्रसाराचे एक कारण होय.

दरडी व पूर : सह्याद्रीच्या उतारांवर बेसाल्ट खडकाच्या वर झिजलेला मुरूम व माती यांचा थर असतो. सतत पावसाने त्यात पाणी मुरून त्याचे वजन वाढते, कणांमधील पकड सुटते व थर खडकावरून घसरतो. उतार तोडून केलेल्या रस्त्यांमुळे व सपाटीकरणामुळे त्याचा आधार आणखी कमी होतो. जुलै २००५ मधील अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहण व कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे मरण पावली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावातील कोंडाळकरवाडी दरडीखाली गाडली जाऊन ऐंशीहून अधिक बळी गेले. त्याच वेळी पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही प्राणहानी झाली आणि महाड शहर पुराच्या पाण्यात बुडाले. तळियेच्या पुनर्वसनातील घरबांधणी महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाकडे (म्हाडा) सोपविण्यात आली.

मूल्यमापन : पाठीशी डोंगर हा फेंगशुईत आधार समजला जातो, महाड-पोलादपूर भागात मात्र घराचा धोका पुष्कळदा तेथूनच येतो. वास्तुशास्त्रातील ईशान्य-नैर्ऋत्य विभागणी आखीव चौकोनी भूखंड गृहीत धरते; चिंचोळ्या उतारावरील घरास ती पूर्णपणे लागू करता येत नाही. याउलट खड्ड्याच्या मातीची परीक्षा, घरामागील चर, उंच जोते, बाहेर काढलेली पाखी आणि झडीच्या बाजूची बंद भिंत हे नियम याच भूमीशी जुळणारे आहेत. सिमेंट-काँक्रीटची घरे आल्यावर दरवर्षी चर साफ करण्याची व जमिनीवर लक्ष ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी मोडली. जमिनीस पडलेल्या नव्या भेगा, कललेली झाडे व खांब, नसलेल्या ठिकाणी फुटलेले झरे आणि एकाएकी गढूळ झालेले झऱ्याचे पाणी ही दरड सरकू लागल्याची लक्षणे होत. ती दिसताच वस्ती रिकामी करणे, हाच येथील स्थानविचाराचा सर्वांत महत्त्वाचा नियम ठरतो.